गाडी वर जातेच आहे तर...

"डिझेलचा थेंब नाही! थेंब म्हणजे थेंब नाही!" कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवत आत्मारामने जाहीर केलं. "गाडी वर जाताना थोडी वीज खाईल, खाली येताना खाल्लेली सगळी परत करील, वर चमचाभर जास्तच देईल! सुमेधा, दसऱ्यानंतर लोक मला बघायला येतील!"

"येऊ देत. आमटीत मीठ आहे का बघा," सुमेधा म्हणाली.

आत्मारामने आमटी चाखली नाही. तो कुकरकडे बघत होता, डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "बघ, बघ! सगळी वाफ वाया!"

हे त्याचं जुनं दुखणं. भांडुपला क्रेन बनवणाऱ्या कारखान्यात त्याची सारी हयात गेली. ओझं वर उचलताना क्रेनची मोटर वीज खाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण तेच ओझं खाली सोडताना मोटर उलटी वीज तयार करते, आणि ती वीज कारखान्यात नुसती उष्णता करून उडवून देतात, हे आत्मारामने एकदा पाहिलं आणि त्याची झोपच उडाली. पुढे कारखाना बंद पडला, तो घरी बसला, आणि मग घरात काहीच वाया जाईना. म्हणजे जायचं सगळंच, पण आत्माराम ते मोजत बसायचा! बटण बंद केल्यावर पंखा फिरत राहिला की तो खाली उभा राहून हळहळायचा. विरारच्या मनवेलपाड्यात त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना उतरताना तो दर पायरीला सुस्कारा सोडायचा. "चढताना एवढी मेहनत करून उंची कमावायची, आणि उतरताना फुकट घालवायची! माणसाच्या गुडघ्यात मोटर असती तर विरारचं लोडशेडिंग संपलं असतं!" शेजारपाजारचे लोक त्याला जिन्यात गाठायचं टाळत.

तेव्हा दोन हजार पाच साल होतं आणि लोडशेडिंग सगळ्यांच्याच पाचवीला पुजलेलं होतं. पण गुडघ्यात मोटर बसवायला आत्मारामला कुणी दिलं नसतं. डंपरमध्ये बसवायला दिलं ते गंगारामशेठनी.

गंगारामशेठ म्हणजे मूळचे बागायतदार, केळी-पानवेलीवाले. विरारला इमारती उगवायला लागल्या तशी त्यांनी पूर्वेच्या डोंगरात दगडाची खदाण घेतली. खदाण वर डोंगरावर, आणि दगड फोडून खडी करणारा क्रशर खाली पायथ्याशी. डंपर रिकामे वर चढायचे आणि दगड भरून खाली यायचे. आत्मारामने तो डोंगर पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो जागीच खाली बसला. देवाने आपल्यासाठीच हा उतार घातलाय अशी त्याची खात्री पटली. रिकामी गाडी हलकी, तिला वर जायला वीज थोडी. भरलेली गाडी जड, ती खाली येताना वीज जास्त. जमेची बाजू खर्चापेक्षा मोठी! शेठच्या आवारात इंजिन जाम झालेला एक म्हातारा डंपर गंजत पडला होता. त्याचं इंजिन काढून आत्मारामने भंगारातली क्रेनची मोटर बसवली, सीटखाली आणि सीटमागे बॅटऱ्याच बॅटऱ्या कोंबल्या, आणि वर्षभर तो त्या गाडीखाली उताणा पडून राहिला. सुमेधाला नवऱ्याचे पाय तेवढे ओळखीचे राहिले होते.

आता सुमेधाचा भाऊ जितेंद्र मध्ये आला. जितेंद्रचं विरारला टाइल्स, बेसिन आणि कमोडचं मोठं दुकान. दर रविवारी यायचा, सोफ्यावर ऐसपैस बसायचा आणि म्हणायचा, "भावोजी, काउंटरला बसा ना! घरचं माणूस हवं मला. गिऱ्हाइकाला कमोड समजावून सांगायचा, बस! तुमच्यासारखा तांत्रिक माणूस कुठे मिळणार?"

आत्मारामला दर रविवारी रात्री स्वप्नात रांगेने कमोड दिसायचे.

शेवटी सुमेधानेच निकाल लावला. "हे बघा, दसऱ्याला तुमची गाडी वर जाऊन दगड घेऊन खाली आली, तर मी जन्मात पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. नाही आली, तर दुसऱ्या दिवशी जितूच्या काउंटरवर. कबूल?"

"कबूल!" आत्माराम छाती काढून म्हणाला. कारण त्याच्या खिशात एक गुपित होतं. गाडी चालत होती!

खदाणीच्या सुट्टीच्या दिवशी, कुणी नसताना, त्याने आणि इग्नेशियसने ती वर नेऊन, हाताने दगड भरून खाली आणली होती. इग्नेशियस वसईजवळच्या पापडी गावचा. उभा जन्म डंपर चालवण्यात गेलेला, आणि देवाखालोखाल त्याची श्रद्धा ब्रेकवर.

"साहेब, उताराला ब्रेक नाय लावायचा? भरलेल्या गाडीला?"

"ब्रेक म्हणजे उधळपट्टी, इग्नेशियस! मोटरच तिला धरून ठेवते आणि धरताना वीज बनवते. ब्रेक लावलास की ती सगळी वीज चाकात जळून गेली!"

इग्नेशियसने छातीवर क्रूस काढला आणि पाय आखडून घेतला. गाडी घुमत घुमत, शहाण्या म्हशीसारखी खाली आली. काचेखालच्या मीटरचा काटा चढताना जेवढा पडला होता तेवढा पुन्हा उठला, वर केसभर जास्त! आत्माराम स्टिअरिंगला मिठी मारून रडला. आणि इग्नेशियसचा पाय चुकून ब्रेकवर पडू नये म्हणून त्याच संध्याकाळी त्याने ब्रेक पुरता ढिला करून टाकला.

तिथेच थांबला असता तर! पण आनंदात माणसाची जीभ मोकाट सुटते. तो थेट गंगारामशेठच्या घरी गेला. शेठ आणि त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाई ओटीवर सुपारी कातरत बसले होते. आता यांना विजेचं गणित कसं सांगायचं? आत्मारामने बागायतदारांना पटेल असा सोपा दाखला काढला.

"शेठ, केळीला जसं खत, तसं या गाडीला वजन! वजन हेच तिचं डिझेल! जितकं भराल तितकी ती खूश!"

"वजान हेच डिझेल?" शेठनी सुपारी थांबवली.

"अगदी!"

चंद्रकांताबाई सुपारी कातरत राहिल्या. त्यांनी ते नीट ध्यानात ठेवलं. आत्माराम मात्र "खाली येताना" हे दोन शब्द सांगायला विसरून घरी आला, आणि त्या रात्री त्याला कमोडचं स्वप्न पडलं नाही.

दसरा उजाडला. क्रशरपाशी मांडव पडला होता. पहारी, घण, सुरुंगाची भोकं पाडणारी यंत्रं, सगळी हळदकुंकू लावून रांगेत मांडलेली. शेठच्या वाडीतला झेंडू टोपल्यांनी आला होता. आत्मारामच्या डंपरला तर आपादमस्तक माळा! आरशांना माळा, दिव्यांना माळा. मुहूर्त म्हणून क्रशरही सुरू करून ठेवला होता, आणि त्याच्या खडखडाटाशी स्पर्धा करायला विरारची एक बेंजो पार्टी बोलावलेली होती.

सुमेधा नव्या साडीत आली होती, हातात पुरणपोळ्यांचा डबा. मागून टेम्पोतून जितेंद्र उतरला. "म्हटलं, भावोजींचा मोठा दिवस! बघू तरी," असं म्हणत तो हसला. ते हसणं आत्मारामला मुळीच आवडलं नाही.

गंगारामशेठनी त्याला बाजूला घेतलं. "सायेब, आज ही वर जाऊन भरून खाली आली ना, तर माज्या बाकीच्या गाड्या पन तुमच्याच हातात. शेड बांधून देतो. बोर्ड लावतो तुमच्या नावाचा!"

आत्मारामच्या डोळ्यांपुढे बोर्ड तरळला. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली गेली, इग्नेशियस सीटवर चढला. आत्माराम त्याच्या शेजारी चढणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा! रिकामीच चालली काय ती?"

चंद्रकांताबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"हो वहिनी, रिकामीच जायला हवी," आत्माराम म्हणाला.

"अगो बाय! नवी गाडी, दशऱ्याचा दिस, आनि रिकामी चढवता? नव्या सुनंला कोन रिकाम्या ओटीनं घरात घेतं काय? पहिल्या खेपंला रिकामी गेली तर जन्मभर रिकामीच फिरंल ती!" त्या दगड उचलणाऱ्या पोकलेनवाल्याकडे वळल्या. "पाच फळांची ओटी भर रे तिची!"

आता खदाणीत फळं कुठली? पोकलेनवाल्याला एकच फळ ठाऊक होतं. त्याने क्रशरजवळच्या ढिगातून पाच दगड उचलले, एकेक कपाटाएवढा, आणि मोठ्या भक्तिभावाने डंपरच्या हौद्यात ठेवले. गाडीने कण्हून स्प्रिंगा टेकवल्या. चंद्रकांताबाईंनी वर खणनारळ ठेवला.

"वहिनी, अहो, नको! दगड काढा!"

"काढा कशापायी? तुमीच बोललात ना, वजान हेच तिचं डिझेल! मग उपाशी कशी धाडायची?"

आपलंच वाक्य हळदकुंकू लावून समोर उभं होतं! तो शेठकडे धावला. "शेठ, वजन खाली येताना! चढताना वजन म्हणजे निव्वळ तोटा!"

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. बेंजोसुद्धा थांबला.

"शुभ बोला, सायेब," शेठ गंभीरपणे म्हणाले.

"पण तोटा..."

"अहो!" सुमेधा कळवळून पुढे आली. "सणाच्या दिवशी काय ते तोटा तोटा! गप्प बसा बघू!"

मग बांधच फुटला. आपल्या माणसांना सगळं बघवतं, रिकामी गाडी जाताना तेवढी बघवत नाही! वरच्या कामगारांच्या पाण्याचा पिंप कुणीतरी आणला. "साहेब, गाडी वर जातेच आहे तर..." पिंप चढला. वरच्या चौकीचं काम अर्धवट होतं, त्याच्या सिमेंटच्या गोण्या आल्या. "वर जातेच आहे तर..." गोण्या चढल्या. शिऱ्याचं पातेलं आलं. देवीची तसबीर घेऊन चंद्रकांताबाई स्वतः चढल्या, कारण वर पूजा सांगायला कुणीतरी हवं! त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या दोन जावा, कारण त्यांनी डोंगर कधी पाहिला नव्हता. "पायी कशाला, गाडी जातेच आहे तर..." मग बेंजो पार्टी, वाद्यांसकट आणि भोंग्यांसकट.

आत्माराम एका बाजूने सामान उतरवत होता, लोक दुसऱ्या बाजूने चढवत होते. पाण्याचा पिंप त्याने गुपचूप ढकलत मांडवामागे नेऊन लपवला. परत येतो तो दोघं जण पिंप उचलून त्याच्या मागोमाग! "साहेब, हा राहिला होता!"

"भावोजी," जितेंद्रने खांद्यावर हात ठेवला. "शेठच्या वरच्या ऑफिसच्या टाइल्स आणल्यात. टेम्पो काही चढाला चढायचा नाही. म्हटलं, तुमची गाडी जातेच आहे तर..."

टाइल्सचे खोके चढताना आत्माराम नुसता बघत राहिला. शेवटी त्याने बायकोकडे पाहिलं. निदान हिने तरी! सुमेधा टाचा उंचावून पुरणपोळ्यांचा डबा हौद्यात सरकवत होती. "वरच्या लोकांना होतील हो," ती म्हणाली. "एवढ्याशा डब्याचं काय वजन?"

आत्माराम सीटवर जाऊन बसला. वधस्तंभाकडे निघालेल्या माणसासारखं इग्नेशियसने त्याच्याकडे पाहिलं.

"साहेब, ही चढंल?"

"चालव," आत्माराम म्हणाला.

गाडी निघाली! टाळ्या झाल्या. मागे बेंजोने उसळती धून धरली. आणि मीटरचा काटा, आत्मारामच्या वर्षभराच्या तपश्चर्येचा काटा, भोक पडलेल्या बादलीतल्या पाण्यासारखा खाली जायला लागला. पहिल्या वळणावर अर्धा. दुसऱ्या वळणावर पाव. आत्माराम काट्याला हात जोडून बसला होता. "चढ बाई, चढ! एवढं एक वळण!" एरवी तो देवाकडेही इतकं मागत नसे.

तिसऱ्या वळणाच्या ऐन पोटात काटा शून्यावर टेकला. मोटरने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि गाडी थांबली. बेंजो चालूच होता.

"काय झालं ओ?" मागून चंद्रकांताबाईंचा आवाज.

"उतरा!" इग्नेशियस ओरडला. "सगले उतरा पयले!"

एवढा शहाणपणा झाला म्हणून पुढचं निभावलं. जावा उतरल्या, तसबीर छातीशी धरून चंद्रकांताबाई उतरल्या, बेंजो पार्टी उतरली. शेवटचा ढोलकीवाला खाली टेकला आणि गाडी हलली. पुढे नव्हे, मागे!

"ब्रेक!" आत्माराम किंचाळला.

"ब्रेक तुमीच तर ढिला करून ठेवलाय, साहेब!" इग्नेशियस त्याच्याहून मोठ्याने किंचाळला. त्याने पाय दाबला, पाय थेट तळाला गेला. "जेजू! जेजू!" त्याने आरशात पाहिलं. आरशात झेंडू! दुसऱ्या आरशात पाहिलं. तिथेही झेंडू! मग त्याने दारातून अर्धं अंग बाहेर काढलं आणि एका हाताने स्टिअरिंग धरून पाठमोरी गाडी सांभाळायला सुरुवात केली.

आणि तेवढ्यात आत्मारामचं लक्ष मीटरकडे गेलं. काटा उठत होता! गाडी मागे घसरत होती, पण सुसाट नाही. मोटर तिला धरून होती, घुमत होती, वीज बनवत होती! दुसरं वळण, काटा पाववर. पहिलं वळण, काटा अर्ध्यावर. एकीकडे जीव मुठीत आणि दुसरीकडे डोळ्यांत आनंदाश्रू, अशी अवस्था कुणाची होऊ नये.

"इग्नेशियस, चार्ज होतेय!"

"साहेब, आपन मरतोय!"

मेलं कुणी नाही. मांडवातली माणसं दोन्ही बाजूंना पांगली. गाडी पाठमोरी, एखाद्या कसलेल्या नर्तकीसारखी मांडवात शिरली, डावीकडचे दोन बांबू आणि कापड अंगावर घेऊन सपाटीला लागली, आणि आपोआप थांबली. थांबली ती नेमकी क्रशरच्या तोंडाशी, तोंडाकडे पाठ करून. खदाणीचे सगळे डंपर रोज असेच उभे राहतात!

इथे इग्नेशियसचा घात झाला. जन्मभराची सवय. गाडी क्रशरला पाठ लावून थांबली की हात आपोआप हौदा उलटवायच्या दांडीकडे जातो. तो डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होता, आणि त्याच्या हाताने दांडी ओढली. बॅटरीत आता जोर होता. हौदा झोकात वर उचलला गेला!

पाच फळं गेली. सिमेंट गेलं, पाणी गेलं, शिरा गेला. जितेंद्रचे खोके एकामागून एक गेले. शेवटी सुमेधाचा डबा टणटणत गेला. क्रशरने कशालाच नाही म्हटलं नाही. पलीकडच्या पट्ट्यावरून गुलाबी नक्षीची, साजूक तुपाचा वास येणारी खडी पडायला लागली.

सगळं शांत झाल्यावर आत्माराम खाली उडी मारून शेठकडे धावला. केसांत झेंडू, गळ्यात मांडवाची झालर. "शेठ! काटा बघा! भरलेली गाडी खाली आली, बॅटरी भरली, क्रशरमध्ये माल पडला! मी म्हणत होतो तसंच झालं! सिद्ध झालं, शेठ!"

गंगारामशेठनी काटा बघितला नाही. ते गुलाबी खडीकडे बघत होते.

"सायेब, दशऱ्याला मानूस शीव ओलांडतो. तुमची गाडी शिवंपरेंत न जाता पाठमोरी घराला आली. आता काटा बगून काय करू?"

"एकदा! फक्त एकदा रिकामी जाऊ द्या!" आत्मारामचा आवाज फाटला. "मी पाया पडतो तुमच्या!"

शेठ मनाने भले. त्यांनी सुमेधाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. तिला नवरा दुकानात हवा होता, पण असा नको होता. "बरं," शेठ म्हणाले. "न्या एकदा रिकामी."

आत्माराम सीटवर चढला. काटा भरलेला, हौदा रिकामा. आता गाडी नक्की चढणार होती! इग्नेशियसने क्रूस काढला आणि किल्ली फिरवली.

"थांबा ओ!" बेंजो पार्टीला पुढे घालून चंद्रकांताबाई घामाघूम होऊन डोंगर उतरत होत्या. "वरच्या मानसांचं पानी ऱ्हायलं, शिरा ऱ्हायला! दुसरा पिंप भरा रे! आता गाडी वर जातेच हाय तर..."

चार माणसं पिंपाकडे धावली. पाचव्याने नव्या सिमेंटची गोण खांद्यावर घेतली. आणि जितेंद्र, ज्याच्या खोक्यांची खडी झाली होती तो जितेंद्र, टेम्पोतून उरलेला एक खोका काढत होता!

आत्मारामने ते सगळं शांतपणे पाहिलं. आणि त्याला कळलं. गाडीत दोष नव्हता. मोटरीत दोष नव्हता, गणितात तर नव्हताच. त्याने सगळं मोजलं होतं, चढ, उतार, दगड, बॅटरी. एकच गोष्ट मोजायची राहिली होती. विरारपासून वसईपर्यंत कुठलीही गाडी कधीही, कुठेही रिकामी जात नाही. शोध लागला होता, पण तो चालवायला एक रिकामी खेप लागत होती, आणि ती या जगात मिळण्यासारखी नव्हती. त्याला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

त्याने हात पुढे करून किल्ली बंद केली, काढली आणि खाली उतरून शेठच्या हातात ठेवली.

"साहेब, म्हनजे?" इग्नेशियस म्हणाला.

"राहू दे, इग्नेशियस."

दोघं रिक्षाने घरी निघाले. मनवेलपाडा आल्यावर सुमेधा हळूच म्हणाली, "मला खरंच वाटलं होतं हो, चढेल म्हणून."

"मलाही," आत्माराम म्हणाला. जिना चढताना तिने त्याचा हात धरला होता.

दुसऱ्या दिवसापासून आत्माराम काउंटरवर बसला. कमोड समजावून सांगायला लागला. पाणी वर टाकीत चढवायला किती कष्ट पडतात आणि ते खाली येताना सगळा जोर कसा वाया जातो, हे तो गिऱ्हाइकाला इतकं पोटतिडकीने सांगायचा की दोन गिऱ्हाइकं काही न घेता निघून गेली.

एकदा इग्नेशियस भेटायला आला. गाडीचं विचारायचं नाही असं आत्मारामने ठरवलं होतं. त्याने लगेच विचारलं.

"मजेत हाय!" इग्नेशियस म्हणाला. "चंद्रकांताबाईंनी ठेवून घेतली. ब्रेक मी नीट बसवला. रोज दुपारी डिझेलचा डंपर तिला दोरीला बांधून वर ओढत नेतो. मग मी दगड भरून खाली आनतो, बॅटरी भरते. सांजच्याला लाइट गेली की त्याच्यावर बाईंचा टीव्ही चालतो. एका खेपंत दोन मालिका नि वर अर्धा तास पंखा!"

"डिझेलचा डंपर ओढतो?" आत्माराम काउंटरवरून अर्धा उठला.

"हां. आनि वर जाते तेव्हा पानी, सिमेंट समदं असतंच की तिच्यात. वर जातेच तर..."

आत्मारामने हात वर करून त्याला थांबवलं.

त्याच संध्याकाळी दुकान बंद करताना जितेंद्र म्हणाला, "भावोजी, हमाल आज आलाच नाही. तुमच्या घराशेजारच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर हा एक कमोड द्यायचाय. तुम्ही घरी जाताच आहात तर..."

रिक्षातून उतरतो तो लोडशेडिंग. लिफ्ट बंद. कमोडला कवटाळून आत्माराम अंधारात चार मजले चढला. वर मेणबत्ती घेऊन बाई दारात उभ्या होत्या. त्याने कमोड ठेवला, घाम पुसला आणि वळला. निदान उतरताना तरी रिकामा!

"काका," बाई मागून म्हणाल्या, "हा जुना फुटका काढून ठेवलाय. खाली जाताच आहात तर..."

आत्मारामने फुटका कमोड उचलला आणि उतरायला लागला. त्याच्या शोधाची अट हीच तर होती, उतरताना भरलेलं असावं! दर पायरीला गुडघ्यांतून कळ निघत होती, आणि तीही सगळी वायाच जात होती. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. त्याने तळमजल्यावर पाय टेकला, आणि झपकन वीज आली! सगळी इमारत उजळली, लिफ्ट घुमली, कुणाच्या तरी घरात टीव्ही ओरडायला लागला.

आणि क्षणभर, अगदी क्षणभर, आत्मारामने हातातल्या फुटक्या कमोडकडे मोठ्या आशेने पाहिलं.